सिझेरियननंतरची नैसर्गिक प्रसूती : एका वैद्यकीय सूत्राचा इतिहास

एकदा सिझेरियन झाले की पुढील प्रत्येक प्रसूती सिझेरियननेच, या आशयाचे सूत्र न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये मांडले. पहिली शस्त्रक्रिया उठसूट करू नये, कारण तिचा परिणाम स्त्रीच्या पुढील सर्व बाळंतपणांवर होतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. या नियमाला अपवाद असल्याचेही त्यांनी सांगितले होते. तथापि पुढे अमेरिकेत संयमाचा हा इशारा दुसऱ्या शस्त्रक्रियेची सक्ती बनला.

मुळात हा प्रश्नच फारसा जुना नाही. इटलीतील पोर्रो यांच्या १८७६ च्या पद्धतीत गर्भाशयच काढून टाकले जाई. साहजिकच पुढील प्रसूतीचा विचार उद्भवत नसे. १८८२ मध्ये जर्मनीतील झेंगर यांनी गर्भाशयाला टाके घालण्याची रीत रूढ केली आणि व्रण घेऊन पुन्हा गर्भवती होणारी स्त्री प्रथमच वैद्यकासमोर आली. क्रेगिन यांच्या काळी छेद गर्भाशयाच्या वरच्या, जोराने आकुंचन पावणाऱ्या भागात उभा घेतला जाई. तो व्रण कळांच्या ताणाने फाटण्याची भीती रास्त होती. १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या भागातील आडव्या छेदाचा पुरस्कार केला. हा व्रण कितीतरी अधिक टिकाऊ ठरला. म्हणजे सूत्राचा आधार बदलला, सूत्र मात्र टिकून राहिले.

अमेरिकेत १९७० मध्ये ५.५ टक्के असलेले सिझेरियनचे प्रमाण १९८८ मध्ये २४.७ टक्क्यांवर गेले. या वाढीच्या चिंतेतून नैसर्गिक प्रसूतीच्या प्रयत्नास अधिकृत प्रोत्साहन मिळाले. काही विमा कंपन्यांनी तर तो सक्तीचाच केला. ही अर्थातच दुसऱ्या टोकाची चूक होती. १९९६ मध्ये अशा प्रसूतींचे प्रमाण २८.३ टक्के झाले.

वॉशिंग्टन राज्यातील २०,०९५ स्त्रियांच्या नोंदींवरील २००१ चा अभ्यास येथे विशेष महत्त्वाचा आहे. गर्भाशय फाटण्याचे प्रमाण कळा आपोआप सुरू झालेल्या स्त्रियांत हजारी ५.२, तर प्रोस्टाग्लँडिन औषधांनी कळा आणलेल्या स्त्रियांत हजारी २४.५ आढळले. धोका केवळ व्रणात नव्हता, कळा कशा आणल्या यातही होता. २००४ च्या मोठ्या अभ्यासात प्रयत्न करणाऱ्या १७,८९८ स्त्रियांपैकी सुमारे ७३ टक्क्यांची प्रसूती नैसर्गिक झाली व ०.७ टक्के स्त्रियांत गर्भाशय फाटले. बारा अर्भकांच्या मेंदूला प्राणवायूअभावी इजा झाली. नियोजित सिझेरियनच्या गटात असे एकही अर्भक नव्हते. हा आकडा लहान म्हणून बाजूस सारता येत नाही. मात्र वारंवार सिझेरियनचीही किंमत असते. २००६ च्या एका अभ्यासानुसार वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी ०.२४ टक्के, तर चौथ्या वेळी २.१३ टक्के होते.

दरम्यान, तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय तत्काळ उपलब्ध असावी, अशी अपेक्षा अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये व्यक्त केली होती. त्यानंतर अनेक रुग्णालयांनी हा पर्यायच बंद केला. वस्तुतः वार अकाली सुटणे, नाळ खाली सरकणे हे प्रसंग कोणत्याही प्रसूतीत येऊ शकतात, आणि तीच रुग्णालये इतर प्रसूती करीतच होती. २०१० मध्ये संघटनेने सोयीविषयीची अपेक्षा कायम ठेवली; परंतु ती पुढे करून नकार देणाऱ्या स्त्रीवर सिझेरियन लादता येणार नाही, असे स्पष्ट केले.