चित्राची प्रत कोणी सांभाळायची?

मारतहळ्ळीतील एखाद्या अभियंत्याने आउटर रिंग रोडवरील पावसाचे छायाचित्र मॅस्टोडॉनवर टाकले, की मूळ फाइल त्याच्या सर्व्हरवर राहते. पण त्याचे अनुयायी ज्या ज्या सर्व्हरवर आहेत, तेथेही बहुधा तिची एकेक प्रत साठवली जाते. ही प्रत कोणी सांभाळायची, हा प्रश्न मॅस्टोडॉनहून बराच जुना आहे.

१९७९ साली कल्पिलेल्या यूजनेटला मध्यवर्ती सर्व्हर नव्हता. संदेश एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाई, सर्वत्र त्याची प्रत उरे आणि जागा संपू नये म्हणून काही दिवसांनी पुसली जाई. चित्र पाठवायचे तर त्याचे आधी अक्षरांत रूपांतर करावे लागे. त्यात आकार एक-तृतीयांशाहून अधिक वाढे. आपल्याकडे मुंबईचे एनसीएसटी, पाच आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांना जोडणारे अर्नेट १९८६-८७ मध्ये सुरू झाले. १९९२ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेकडे जाणारी वाहिनी ६४ किलोबिट प्रतिसेकंदाची होती. आजच्या फोनमधील ३ मेगाबाइटच्या एका छायाचित्राने ती सहा मिनिटांहून अधिक काळ अडवली असती! तीच फाइल प्रत्येक वाचकाने समुद्रापलीकडून नव्याने मागवणे परवडणारे नव्हते.

वेबने उलट मार्ग धरला: फाइल एका ठिकाणी, इतरत्र केवळ दुवा. साठवण वाचली, मात्र मूळ सर्व्हर बंद पडला की चित्र गेले, आणि पाहणाऱ्याचा आयपी पत्ता त्या सर्व्हरला कळू लागला.

जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने ॲक्टिव्हिटीपब हे मानक मंजूर केले, तेव्हा माध्यम-अपलोडचा भाग मुख्य मानकातून वगळला होता. मतभेदाचा विषय बाजूला ठेवून मानक पुढे नेणे समजण्यासारखे आहे. ओझे मात्र स्वयंसेवी सर्व्हरचालकांवर पडले. ते किती जड असू शकते, हे २०१७ मध्येच दिसले होते. जपानच्या पिक्सिव्ह कंपनीचा पावू हा सर्व्हर मॅस्टोडॉनच्या जाळ्यात आला. जपानमध्ये चालणारी काही रेखाचित्रे युरोपात बेकायदा ठरू शकत होती, आणि त्यांच्या प्रती आपोआप युरोपातील डिस्कवर उतरत होत्या. अनेक चालकांनी मग पावूवरील मजकूर घ्यायचा, चित्रे साठवायची नाहीत, असा तोडगा काढला.

पुसण्याचा प्रश्न याहून अवघड. लेखकाने छायाचित्र काढून टाकले, तरी इतर सर्व्हरना जातो तो केवळ विनंतीचा संदेश. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर नाराज होऊन मॅस्टोडॉनवर आलेल्या हजारो भारतीयांपैकी किती जणांनी हे लक्षात घेतले असेल?

ब्लूस्कायच्या मानकात चित्राची ओळख त्याच्या हॅशवरून ठरते. खाते हलवताना चित्रेही नेता येतात. मॅस्टोडॉनवर खाते हलवले तर अनुयायी सोबत येतात, जुनी छायाचित्रे मागच्या सर्व्हरवरच राहतात.