शब्द एकाचे, कंठ दुसऱ्याचा

पाश्चात्त्य रॉक संगीताचे इतिहास वाचताना एक गोष्ट आम्हांस नेहमी खटकत आली आहे. ज्याच्या आवाजाने श्रोता गाण्याकडे ओढला जातो, त्या गायकास या इतिहासांत पुष्कळदा दुय्यम जागा मिळते. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. ‘स्वयंवर’ची पदे म्हटली की बालगंधर्व आठवतात, त्यांना चाली देणाऱ्या भास्करबुवा बखल्यांचे नाव जाणकारच घेतात. म्हणूनच ‘द हू’ या लंडनच्या बँडचा गायक रॉजर डॉल्ट्री याची कहाणी मराठी वाचकास काहीशी विचित्र वाटेल.

हा बँड मुळात डॉल्ट्रीचाच. १९४४ साली पश्चिम लंडनमधील कष्टकरी वस्तीत जन्मलेला, शाळेतून काढून टाकलेला हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करी आणि स्वतः बनवलेली गिटार वाजवी. १९५९च्या सुमारास त्याने ‘द डीटूर्स’ हा बँड उभा केला. १९६१ साली जॉन एंटविसल या बेसवादकास त्याने सोबत घेतले. एंटविसलमुळे पीट टाउन्शेंड आला. १९६४ साली कीथ मून ड्रम्सवर बसला, बँडचे नाव बदलले. डॉल्ट्री तोवर गिटार ठेवून गायक झाला होता.

आता त्याची अडचण पाहा. टाउन्शेंड हात चक्राकार फिरवून गिटार वाजवी आणि कार्यक्रमाच्या शेवटी ती फोडून टाकी. मून ड्रम्सवर तुटून पडे. एंटविसल स्तब्ध उभा राही, पण त्याचा बेस मुख्य वाद्यासारखा बोले. एरवी गायकास साथ करावी ती वाद्ये इथे स्वतःच नायक होऊन बसली होती. या कल्लोळात डॉल्ट्रीने मायक्रोफोनची दोरी धरून तो डोक्याभोवती गरगरा फिरवण्याची लकब उचलली. आम्हांस त्यात प्रदर्शनापेक्षा जागा मिळवण्याची धडपड अधिक दिसते.

खरा प्रश्न मात्र लेखणीचा होता. गाणी बहुतांशी टाउन्शेंडची, त्यामुळे ‘विचारवंत’ तो आणि डॉल्ट्री त्याचा ‘भोंगा’, अशी वाटणी झाली. १९६५च्या डेन्मार्क दौऱ्यात मूनच्या उत्तेजक गोळ्या डॉल्ट्रीने संडासात ओतल्या, मारामारी झाली आणि बँड उभारणाऱ्यालाच बँडबाहेर काढण्यात आले. पुन्हा हात उचलणार नाही, या अटीवर त्याला परत घेतले. मालक होता तो आपल्याच घरात भाडेकरू झाला.

याच सुमारास आलेल्या ‘माय जनरेशन’मध्ये त्याने गाताना अडखळत, तोतरेपणाने शब्द उच्चारले. एका पिढीचा अडकलेला संताप त्या अडखळण्यातच ऐकू येतो. तो कागदावर पुरता लिहिता येत नाही. तरीही पिढीचा प्रवक्ता म्हणून नाव झाले ते टाउन्शेंडचे.

पुढचा भाग आपल्या मातीशी जोडलेला आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस टाउन्शेंड मेहेरबाबांचा अनुयायी झाला. पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी धरलेले मौन ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. त्यांची समाधी अहिल्यानगरजवळ (पूर्वीचे अहमदनगर) मेहेराबाद येथे आहे. त्यांच्या देहावसानानंतर काही महिन्यांतच ‘टॉमी’ हे दोन तबकड्यांचे संगीतनाट्य प्रसिद्ध झाले. त्याचा नायक आघाताने दृष्टी, श्रवण आणि वाचा गमावलेला मुलगा. मौनी गुरूच्या शिष्याने रचलेल्या मुक्या मुलाला वाचा देण्याचे काम प्रामुख्याने डॉल्ट्रीकडे आले. मुठींच्या जोरावर वाढलेल्या या गायकास येथे प्रथमच कोमल स्वर सापडला. १९७५च्या चित्रपटात टॉमीची भूमिकाही त्यानेच केली.

१९७१च्या ‘हूज नेक्स्ट’मधील ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याचे नाव मेहेरबाबा आणि अमेरिकन रचनाकार टेरी रायली यांच्या नावांवरून घडले. गुरू अमर झाला, प्रभाव टाकणारा रचनाकार अमर झाला. कडवी गाणारा मात्र शीर्षकात नाही, ही तक्रार हास्यास्पद ठरेल हे आम्ही जाणतो. पण श्रेयाची वाटणी कशी होते, हे त्यातून दिसतेच.

१९७३च्या ‘क्वाड्रोफेनिया’त अन्याय शब्दशः ऐकू येतो. ध्वनिमिश्रणात आपला आवाज वाद्यांखाली दाबला गेला, अशी डॉल्ट्रीची तक्रार होती. तरी शेवटचे ‘लव्ह, रेन ओ’र मी’ ऐकावे. पाऊस हा ईश्वराचा आशीर्वाद आणि गडगडाट हा त्याचा आवाज, या मेहेरबाबांच्या विचारावर ते बेतलेले आहे. टाउन्शेंडने आपल्या गाण्यांची घरी केलेली कच्ची मुद्रणे पुढे ‘स्कूप’ (१९८३) वगैरे संग्रहांतून बाहेर आली. तेथे तो हळुवार, आत्ममग्न स्वरात गातो. त्याच्यापाशी पाऊस आहे. डॉल्ट्री तेच शब्द फाटेपर्यंत ताणतो आणि गडगडाट आणतो. प्रार्थना आता आक्रोश होते, म्हणजे गाण्याचा अर्थच बदलतो. अर्थ बदलणाऱ्यास केवळ वाहक कसे म्हणावे?

टाउन्शेंडची प्रतिभा आम्हांस नाकारायची नाही. त्याच्यावाचून डॉल्ट्रीस गाण्याजोगे काही उरले नसते. १९७३ साली इतरांच्या रचना गाऊन काढलेल्या त्याच्या स्वतंत्र तबकडीतले ‘गिव्हिंग इट ऑल अवे’ ब्रिटनमध्ये गाजले, पण ‘द हू’ची धग तिथे नाही. मात्र इतिहासकार लिखित शब्दाला पुरावा मानतात आणि श्वास, उच्चार, ताण यांना अलंकार समजतात, तेव्हा अर्धेच गाणे त्यांच्या हाती लागते.

मून १९७८ साली गेला, एंटविसल २००२ साली. दोघांचीही दंतकथा झाली. डॉल्ट्री गात राहिला. कर्करोगग्रस्त किशोरांसाठी त्याने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वर्षानुवर्षे कार्यक्रम घडवून आणले, आणि २०२५ साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी आलेला हा मान आम्हांस आवडला. पण त्याहून मोठे ऋण श्रोत्यावर आहे. ती कच्ची मुद्रणे आणि मूळ तबकड्या एकदा शेजारी ठेवून ऐकाव्यात. गायकाने काय केले, याचा निवाडा कान करतील.