दादासाहेब फाळके आणि आपलं बडोदं



गेल्या आठवड्यात नातवंडांबरोबर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पुन्हा एकदा पाहिला. परेश मोकाशी यांचा २००९ सालचा सिनेमा. नंदू माधव दादासाहेब फाळके झालेत, विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठी हाच गेला होता. हल्ली घरात सिनेमा लावला की निम्मी मंडळी मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, पण हा सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिला. कारण सरळ आहे. यात रडारड नाही. घरातलं सामान विकलं जातं, डोळे जायची वेळ येते, शेजारीपाजारी वेडा म्हणतात, आणि तरी सगळं हसतखेळत चाललेलं. मोठ्या माणसावर सिनेमा काढायचा म्हणजे त्याला देव्हाऱ्यातच बसवायला हवं असं काही नाही, हे या लोकांना कळलं.

सिनेमा संपल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, हे मुंबईचे ना?" तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हटलं, बाबा रे, हा माणूस घडला तो आपल्या बडोद्यात! माझी या सिनेमाबद्दल तक्रार म्हणाल तर एवढीच. गोष्ट १९११ साली सुरू होते. त्याआधीची पंचवीसएक वर्षं त्यात नाहीत, आणि आपण बडोदेकर तिथेच आहोत.

फाळके जन्मले १८७० साली, त्र्यंबकेश्वरला. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकून ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आले. इथे १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर, मोठे रसायनशास्त्रज्ञ. आज विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी म्हणतो ना, ती याच कलाभवनाची पुढची पिढी. आपल्यातल्या कितीतरी घरांतले इंजिनिअर तिथूनच बाहेर पडले. कलाभवनात फाळके चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला आणि फोटोग्राफी शिकले. गज्जरांनी त्यांना छपाईचे ठोकळे तयार करण्याचं काम शिकायला रतलामला धाडलं, आणि परत आल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. विचार करा, विशी-बाविशीतल्या पोराच्या हाती संस्थेचा स्टुडिओ! आज कोण देईल?

पुढे ते फोटोग्राफर म्हणून गोध्र्याला गेले. तिथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोन्ही गेलं. परत बडोद्याला येऊन स्टुडिओ टाकला, तर धंदा चालेना. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी लोकांची समजूत! मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी, आणि पुढे राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम. हा रविवर्मा म्हणजे सयाजीरावांनी ज्याच्याकडून पौराणिक चित्रं काढून घेतली, तोच.

आता याची बेरीज करा. फोटोग्राफी आणि रसायनं कलाभवनातून, पडदे आणि नाटकवाल्यांच्या ओळखी इथल्या फरफटीतून, ट्रिक सीनची युक्ती जादूतून, देवादिकांची रूपं रविवर्म्याच्या चित्रांतून. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून त्यांना 'आपणही हे करावं' असं वाटलं, ते खरंच. पण तंबूत त्या दिवशी शेकडो माणसं बसली असतील. ठिणगी पडली ती जिथे दारू आधीच ठासून भरली होती तिथे. सिनेमा नुसता १९११पासून दाखवला की पोरांना वाटतं, मनात आलं आणि झालं. तसं होत नाही.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे माझं लक्ष पैशाकडे जास्त जातं. फाळक्यांनी १२ हजारांच्या विमा पॉलिसी तारण ठेवून १० हजार उभे केले आणि फेब्रुवारी १९१२मध्ये लंडनची बोट धरली. म्हणजे मार्जिन जेमतेम सतरा टक्के! बरं, पैसे मिळवायला त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, त्याची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्यात टिपली, आणि मिनिटभरात रोप उगवून वर येतं अशी फिल्म करून दाखवली. माझ्या नोकरीत मी कागदी प्रोजेक्ट रिपोर्ट ढिगांनी वाचले. असा एकही समोर आला नाही. आला असता तर मी सही करायला पेन शोधत बसलो नसतो.

आणि खऱ्या जामीनदार सरस्वतीबाई. अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायची, फिल्म धुवायची, वर साऱ्या युनिटचा स्वयंपाक. पडद्यावर यायला मात्र एकही बाई तयार नाही, म्हणून तारामती झाले साळुंके, एका खाणावळीत काम करणारे गृहस्थ. रोहिदास घरचाच, मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि पुढचं जग जाणतं.

हे सगळं लिहिण्यामागे कारण आहे. आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी. मुंबई-पुण्याच्या इतिहासात आपली आठवण कोणाला नसते, आणि गुजरातच्या इतिहासात आपण पाहुणे. आपली पोरं गुजराती-इंग्रजी वाचतात, त्यात गैर काही नाही. पण आपल्या गावात काय घडलं हे आपणच नाही सांगितलं, तर सांगणार कोण?

तेव्हा एक विनंती. दांडियाबाजार, रावपुऱ्यातले जुने वाडे एकेक करून पडताहेत, फ्लॅट उभे राहताहेत. सामान हलवताना जुन्या फोटोंची ट्रंक भंगारात देऊ नका. प्रत्येक फोटो उलटा करून पाहा. पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव असेल, एखादं साल असेल. घरात सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवर मागे पेन्सिलीने नावं लिहून ठेवा. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं मानणाऱ्या काळात ज्यांनी धीर करून कॅमेऱ्यासमोर बसायचं ठरवलं, त्यांचं नाव तरी पुसलं जाऊ नये.

आणि हो, सिनेमा जरूर बघा. नातवंडांना शेजारी बसवून, आणि आधी पाच मिनिटं बडोद्याची गोष्ट सांगून.