कमावलेले शरीर आणि विकतचे बळ



बिनबाह्यांच्या बनियनला आपण 'सँडो' म्हणतो. दुकानदारासमोर हा शब्द रोज उच्चारणाऱ्या गृहस्थांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की ते एका माणसाचे नाव आहे. युजेन सँडो हा १८६७ साली प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे जन्मला. त्याचे मूळ नाव फ्रीड्रिख विल्हेल्म म्युलर. लोखंडाच्या साखळ्या तोडणे, घोडा उचलणे असले खेळ करीत तो लंडनला आला, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या ध्यानी आले की प्रेक्षकांना त्याच्या खेळापेक्षा त्याचे शरीर पाहण्यातच अधिक गोडी आहे. शरीरसौष्ठव या आधुनिक छंदाचा, आणि पुढे धंद्याचा, आरंभ या एका चाणाक्ष निरीक्षणात आहे. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये सँडोने पहिली मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरविली, तेव्हा त्याच्यासह परीक्षक म्हणून कोण बसले होते? एक शिल्पकार, सर चार्ल्स लॉज, आणि दुसरे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल. पुढे १९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याच्या शरीराचे येथे झालेले कौतुक आज केवळ त्या बनियनच्या नावापुरते उरले आहे.

हे एवढ्यासाठी सांगितले, की त्या काळी पिळदार शरीराकडे पाहताना लोकांना ग्रीक पुतळ्यांची आठवण होत असे. आज तेच शरीर रस्त्याने जाताना दिसले, की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, 'हा काय टोचून घेतो?' पुतळ्यापासून सुईपर्यंतचा हा प्रवास कसा झाला, ते आज आपल्याला पाहायचे आहे. हा वाद औषधांचा म्हणून ओळखला जातो. माझ्या मते तो पहिल्यापासून विश्वासाचा वाद आहे, आणि तो विश्वास बुडविण्यात विद्वानांचाही वाटा लहान नाही.

पैलवानाची अक्कल गुडघ्यात असते, असे आपण सहज बोलून जातो. हा समज केवळ आपल्याच मुलखातला नव्हे. अमेरिकेत या शतकापूर्वीच्या शतकात, म्हणजे १९३० च्या आसपास, तो शास्त्राचा पोशाख चढवून वावरत होता. वजने उचलणाऱ्याचे स्नायू जखडले जातात, त्याला धड पळता येत नाही, वाकता येत नाही, स्वतःची पाठही खाजविता येत नाही, असे शारीरिक शिक्षणाचे अध्यापक वर्गात शिकवीत असत. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड कॉलेजातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ पीटर कार्पोविच हे याच मताचे होते. १९४० साली पेनसिल्व्हेनियातील यॉर्क गावचा बारबेलचा कारखानदार बॉब हॉफमन आपल्या दोन मल्लांना घेऊन त्या कॉलेजात गेला. एक जॉन ग्रिमेक, शरीरसौष्ठवातला त्या काळचा अग्रणी. आणि दुसरा जॉन डेव्हिस, वजन उचलण्यातला जगज्जेता. कार्पोविच यांनी भर सभेत ग्रिमेकला पाठ खाजवून दाखविण्यास सांगितले. त्याने ती खाजविली. मग गुडघे न वाकविता कोपरे जमिनीला टेकविली आणि शेवटी दोन्ही पाय फाकून सरळ जमिनीवर बैठक मारली! सभेचे काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकता.

कार्पोविच यांचा मोठेपणा असा की त्यांनी ही गोष्ट मनावर घेतली. सहकारी झोरबास यांच्यासह त्यांनी वजने उचलणारे ३०० आणि न उचलणारे ३०० अशा ६०० जणांच्या हातांचा वेग मोजला. १९५१ मध्ये निष्कर्ष छापून आला. वजने उचलणारे अधिक चपळ ठरले होते.

परंतु गंमत पाहा. त्याच १९५१ साली मानसशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात रॉबर्ट हार्लो यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा आशय असा, की जे तरुण शरीर कमावतात त्यांच्या मनात आपल्या पौरुषाविषयी न्यूनगंड असतो आणि तो झाकण्यासाठी ते स्नायू वाढवितात. म्हणजे एक आरोप मोजमापाने खोटा ठरतो न ठरतो, तोच दुसरा दाराशी उभा! शरीराचा दोष सिद्ध होईना, तेव्हा दोष मनात शोधला गेला. ज्याच्याविषयी समाजाचे मत आधीच ठरलेले असते, त्याला असल्या न्यायासनासमोर पुनःपुन्हा उभे राहावे लागते.

पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, लंडनच्या 'मिस्टर युनिव्हर्स' स्पर्धेत बंगालच्या मनोहर आईच यांनी आपल्या उंचीच्या गटात पहिला क्रमांक मिळविला. उंची पाच फुटांनाही किंचित कमीच. परकीय राजवटीत तुरुंगवास भोगलेला. व्यायामही बराचसा त्या कोठडीतच केलेला. शंभरी ओलांडून हे गृहस्थ २०१६ साली वारले. ज्या गोळीपासून आपल्या वादाला तोंड फुटले, ती बाजारात यायला तेव्हा अजून सहा वर्षांचा अवकाश होता.

आता त्या गोळीकडे वळू. पुरुषग्रंथींच्या अर्कात तारुण्य दडले आहे, ही कल्पना जुनी. १८८९ साली पॅरिसमध्ये ७२ वर्षांचे नामांकित शरीरशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेऊन नवे बळ आल्याची ग्वाही विद्वत्सभेत दिली होती. तो बहुतांशी मनाचाच खेळ होता, असे आज मानले जाते. खरा पदार्थ हाती लागला तो १९३५ मध्ये. ॲमस्टरडॅममध्ये लाकोर यांच्या प्रयोगशाळेने बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळे काढले, आणि त्याच वर्षी बुटेनांट व रुझिका यांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांत वाटले गेले.

१९५४ साली व्हिएन्ना येथे वजन उचलण्याची जागतिक स्पर्धा भरली होती. अमेरिकन संघाबरोबर डॉ. जॉन झीग्लर नावाचे वैद्य गेले होते. रशियन मल्ल टेस्टोस्टेरॉन टोचून घेतात, ही गोष्ट आपल्याला तेथे त्यांच्याच वैद्याकडून कळली, असे झीग्लर सांगत. परत आल्यावर ते सीबा या औषध कंपनीच्या सहकार्याने प्रयोग करू लागले. १९५८ मध्ये त्या कंपनीची डायनाबॉल ही गोळी अमेरिकेत विक्रीस आली, आणि १९६० च्या सुमारास झीग्लरनी ती यॉर्कच्या काही निवडक मल्लांना देण्यास सुरुवात केली.

बिल मार्च, लुई रीके हे मल्ल भराभर वर चढू लागले. यॉर्कच्या मासिकाने त्याचे श्रेय कशाला दिले? 'आयसोमेट्रिक' व्यायामाला. न हलणाऱ्या दांड्याला काही सेकंद सर्व बळाने रेटायचे, हाच त्या यशाचा मंत्र असल्याचे छापून येऊ लागले. आणि तो व्यायाम करण्यासाठी लागणारी लोखंडी चौकट हॉफमनच्याच कारखान्यात मिळत असे! देशभरच्या हजारो पोरांनी त्या चौकटी विकत घेतल्या, दात-ओठ खाऊन दांडे रेटले, आणि आपले दंड मार्चसारखे का फुगत नाहीत म्हणून स्वतःलाच दोष दिला. ज्या हॉफमनने स्प्रिंगफील्डच्या सभेत मल्लविद्येची अब्रू राखली, त्याच्याच कारखान्याच्या आवारात ती अब्रू गहाण पडली, ही या कथेतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट आहे. इकडे झीग्लर यांच्या ध्यानात आले, की त्यांचे शिष्य सांगितलेल्या मात्रेच्या कितीतरी पट गोळ्या गिळत आहेत. त्यांनी या प्रकारातून अंग काढून घेतले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी आपल्या या उद्योगाबद्दल त्यांनी उघड खेद व्यक्त केला होता.

आखाड्याचे असे झाले. मग शास्त्राने तरी खरे सांगितले काय? १९७७ साली अमेरिकेतील क्रीडावैद्यकांच्या प्रमुख संस्थेने जाहीर केले, की स्टेरॉइडने खेळातील कर्तबगारी वाढते याचा निर्णायक पुरावा नाही. औषधाबरोबरच्या माहितीपत्रकातही तशाच अर्थाचे वाक्य असे. या म्हणण्याला प्रयोगांचा आधार होता. पण ते प्रयोग अल्प मात्रेचे, अल्प मुदतीचे होते. मल्ल जेवढे घेत तेवढे औषध माणसाला देऊन पाहणे वैद्याच्या नीतीत बसणारे नव्हते. तरीही 'आम्हाला ठाऊक नाही' असे म्हणण्याऐवजी 'उपयोग नाही' असे सांगितले गेले. ज्या पोराच्या दंडाचा घेर तीन महिन्यांत दोन इंचांनी वाढला होता, त्याने हे ऐकले, आरशात पाहिले, आणि ठरविले की वैद्य एक तर अडाणी आहेत किंवा खोटारडे. मग तेच वैद्य जेव्हा म्हणू लागले, की याने यकृत बिघडते, हृदय बिघडते, बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीराचे आपले कारखाने बंद पडतात आणि वृषणे आक्रसतात, तेव्हा त्याने त्यावरही विश्वास ठेवला नाही. यांतले प्रत्येक अक्षर खरे होते. पौरुषाच्या औषधाने पौरुषाचे मूळच सुकावे, यापरता विनोद कोणता? पण एकदा पत गेली की खऱ्या हुंडीलाही कोणी हात लावीत नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात चोरवाटेने छापलेल्या पुस्तिका हातोहात खपू लागल्या, आणि व्यायामशाळेतला 'जाणकार' हाच वैद्य बनला. १९८४ साली त्या संस्थेने आपले मत बदलले, परंतु तोवर उशीर झाला होता.

निर्णायक प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. तो करणारे प्रमुख संशोधक भारतीय वंशाचे, डॉ. शलेंदर भसीन. ४३ पुरुषांचे चार गट पाडून त्यांतील दोघांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचले गेले. ही मात्रा नेहमीच्या उपचाराच्या सुमारे सहापट. केवळ व्यायाम करणाऱ्यांच्या शरीरात चरबी वगळता सुमारे दोन किलोंची भर पडली. व्यायाम न करता औषध घेणाऱ्यांत ती तीन किलोंहून अधिक होती. दोन्ही करणाऱ्यांत सहा किलो! घाम गाळणाऱ्याला बसून राहणाऱ्याने मागे टाकले, हे वाचून कोणाही सच्च्या व्यायामपटूच्या काळजात चर्र झाले असेल.

या सत्याने आणखी एक समज पक्का केला, की जो धष्टपुष्ट तो सुईवरचाच, आणि सुईवरचा म्हणजे माथेफिरू. त्यातल्या दुसऱ्या भागाची परीक्षा हार्वर्डचे मनोवैद्य हॅरिसन पोप यांनी केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अशीच मोठी मात्रा दिलेल्या ५० पुरुषांपैकी ४२ जणांच्या वागण्यात नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. सहांमध्ये मध्यम, आणि दोघांमध्ये मात्र तीव्र उन्माद दिसला. हे दोघे कोण असतील, ते आधी कोणालाच सांगता येत नव्हते. शेकडा चार हे प्रमाण थोडे म्हणावे की फार, हे ज्याच्या घरात तो मुलगा असेल त्याने ठरवावे.

स्पर्धा भरविणाऱ्यांनी काय केले, असे आपण विचाराल. १९९० मध्ये 'मिस्टर ऑलिंपिया' स्पर्धेत तपासणी झाली, काहीजण बाद ठरले, पुढच्या वर्षापासून तो प्रघात बंद पडला. १९६५ च्या पहिल्या विजेत्याचे वजन ९५ किलोंच्या आत होते. २००३ च्या विजेत्याचे १३० च्या घरात. याहून अधिक बोलायला नको.

आपल्याकडे उत्तेजक द्रव्यांविरुद्ध २०२२ साली संसदेने कायदा केला. त्याचा रोख स्पर्धेतील खेळाडूंवर आहे. परंतु लग्नाच्या फोटोसाठी किंवा पोलीस भरतीसाठी चार महिन्यांत छाती फुगवू पाहणारा गल्लीतला मुलगा कोणत्याही स्पर्धेत उतरत नाही, म्हणून त्याची तपासणीही होत नाही. चिठ्ठीवाचून विकू नये असे औषध त्याला व्यायामशाळेतच मिळते. घरी विचारले तर बाप म्हणतो, 'तुम्ही सगळे तसलेच.' मग तो घरी सांगणे सोडतो.

२०१७ मध्ये अमेरिकेत १४० अनुभवी वजनवाल्यांची हृदये तपासली गेली. त्यांतील ८६ जणांनी स्टेरॉइड घेतलेले होते. त्यांच्या हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतले सरासरी ५२ टक्के रक्त बाहेर टाकीत होता. उरलेल्या ५४ जणांत हेच प्रमाण ६३ टक्के, म्हणजे निरोगी माणसाइतके होते. हे ५४ जणही वर्षानुवर्षे तेच लोखंड उचलीत आले होते. रस्त्याने जाताना त्यांच्याकडे पाहूनही लोक तोच प्रश्न विचारीत असतील.