लहान भिंगाची कामगिरी : १८९८ चें खग्रास ग्रहण

२०२४ च्या ऑक्टोबरांत त्सुचिन्शान-ॲटलस नांवाचा धूमकेतु सायंकाळीं पश्चिमेस दिसत होता, तेव्हां पालघर-बोईसरकडील कांहीं तरुण मंडळी कॅमेरे घेऊन चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर जात असत. कारण उघड आहे. बोईसर आणि तारापूर यांच्या दरम्यान कारखान्यांची वसाहत पसरली आहे. तिच्या दिव्यांचा उजेड रात्रभर आभाळावर चढलेला असतो. किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभें राहिलें म्हणजे तो पाठीमागें पडतो आणि समोरचें आकाश थोडेंबहुत काळें राहतें. त्यांपैकीं एक विद्यार्थी आपलीं चित्रें दाखविण्यास आमच्याकडे आला. चित्रें चांगलीं होतीं, पण तो स्वतःच संकोचून म्हणाला, "सर, माझ्याजवळ दुर्बीण नाहीं. साध्या भिंगानें काढलेल्या चित्राला किंमत ती काय?" आणि बोलतां बोलतां त्यानें असेंही सांगितलें कीं हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर १८६८ सालीं लागला.

दुसऱ्या गोष्टीचा निकाल आधीं लावूं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणांत सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटांत एक पिवळी रेषा अनेकांना दिसली, हें खरें. परंतु फ्रेंच ज्योतिषी जान्सेन तेव्हां गुंटूरास होता, लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीस होता, आणि नॉर्मन लॉक्यर तर इंग्लंडांतच होता. ग्रहणावांचूनच या ज्वाला पाहण्याची युक्ति त्यास तेथें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत साधली; ती पिवळी रेषा सोडियमची नव्हे, हेंही त्यानेंच ओळखलें. पुढें रॅम्से यानें १८९५ सालीं हेलियम पृथ्वीवरच्या खनिजांत शोधून काढला. लॉक्यर विजयदुर्गास आला तो त्यानंतर तीन वर्षांनीं, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. 'मेलपोमिनी' या लढाऊ जहाजावरचे खलाशी त्याच्या मदतीस होते. दोन ग्रहणांची लोकांच्या आठवणींत गफलत झाली, आणि किल्ल्यावरील ओट्यांना तीस वर्षें आधींचा मान मिळाला. आम्हांस हा मान हिरावून घेण्याची हौस नाहीं. पण १८९८ चें ग्रहण स्वतःच्याच बळावर स्मरणांत ठेवण्याजोगें आहे.

त्या दिवशीं चंद्राची छाया कोंकणच्या किनाऱ्यावर उतरून देश, वऱ्हाड आणि नागपूर प्रांत यांवरून ईशान्येस गेली. मुंबई-पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें होतें, तरी छायेच्या या पट्ट्यांत तंबूंची रांगच लागली. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं आपलीं यंत्रें मांडलीं. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगींतून पुण्यास वेधशाळा उभी राहिली होती व तींत २० इंची दुर्बीण होती; ती चालविणारे हेच गृहस्थ. परदेशच्या मंडळींस मदतनीस म्हणून नव्हे, तर स्वतःच्या वेधांचा स्वतंत्र कार्यक्रम आंखून ते तेथें गेले होते.

त्याच जेऊरास अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आले होते. त्यांचा कॅमेरा ४० फूट लांब. भिंगाच्या लांबीचा सुमारें एकशेंसहावा भाग, एवढी सूर्याची प्रतिमा पडते, हा साधा हिशेब वाचकांनीं करून पाहावा : ४० फुटांस साडेचार इंच. एवढ्या मोठ्या प्रतिमेंत सूर्यबिंबालगतच्या प्रभामंडलाचे बारीक धागेदोरे स्वच्छ उमटतात. आतां वऱ्हाडांतील तळणीस जाऊं. तेथें ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या मुख्यतः हौशी लोकांच्या संस्थेची मंडळी उतरली होती. तींत ॲनी मॉन्डर या बाई होत्या. ग्रीनिच वेधशाळेंतील गणिताची त्यांची नोकरी १८९५ सालीं लग्न होतांच सुटली होती. त्यांच्या भिंगाचा व्यास दीड इंच आणि लांबी ९ इंच. म्हणजे सूर्याची प्रतिमा इंचाच्या बाराव्या भागाएवढी! पण प्रभामंडलाचे दूरवर गेलेले किरण अतिशय मंद असतात. त्यांना हवा असतो विस्तृत पट आणि कांचेवर दाट पडणारा प्रकाश. ४० फुटी कॅमेऱ्याचें भिंग ५ इंचांचें. त्याच्या मानानें या चिमुकल्या भिंगाखालीं पसरट तेजाचा उजेड अडीचशेंपट दाट पडतो. सुमारें दोन मिनिटांच्या त्या अंधारांत बाईंच्या कांचेवर जो किरण उमटला, तो साठ लक्ष मैलांच्या घरांत लांब होता. तोंपर्यंत एवढा लांब किरण कोणाच्याही छायाचित्रांत आलेला नव्हता. ज्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचीं दारें स्त्रियांस तेव्हां बंद होतीं, तिनें १९१६ सालीं या बाईंस सभासद करून घेतलें. अठरा वर्षें म्हणजे कांहीं थोडा काळ नव्हे.

यापूर्वीं हें हौशी माणसाच्या हातचें काम नव्हतेंच. १८६८ सालीं गुंटूरास मेजर टेनंट यांनीं छायाचित्रें घेतलीं तीं ओल्या कांचांवर. कांचेला द्रव लावायचा, तो वाळण्याच्या आंत चित्र घ्यावयाचें आणि लगेच धुवावयाचें. ग्रहणाच्या घाईंत यासाठीं अंधारी खोली व तरबेज माणसें जवळ लागत. पुढें जिलेटिनच्या कोरड्या कांचा निघाल्या, त्या महिनोन्महिने टिकत; मग कॅमेरा पेटींत घालून आगगाडीनें तळणीस जाणें शक्य झालें.

चित्र निघालें म्हणजे तें टिकलेंच असें मात्र नाहीं. याच ग्रहणाचें चलच्चित्र नेव्हिल मॅस्केलिन यांनीं बक्सारास घेतलें आणि परतीच्या वाटेवर तें चोरीस गेलें. नायगांववालांचें काम राहिलें, कारण त्यांनीं १९०२ सालीं जेऊरच्या वेधांचा अहवाल छापून ठेवला. त्यांची वेधशाळा मात्र १९१२ सालीं, ते निवृत्त होतांच, बंद झाली. यंत्रें कोडाईकनालास गेलीं. पुण्यास आज त्यांचें नांव विचारलें तर किती सुशिक्षित सांगूं शकतील, याविषयीं आम्हांस शंका आहे. हौशी मंडळींची ज्योतिर्विद्या परिसंस्था तेथें १९४४ सालीं निघाली. मध्यंतरीं तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

हें सर्व ऐकून आमच्या विद्यार्थ्यानें आपलीं चित्रें पुन्हा पुढें ठेवलीं. आम्हीं विचारलें, हें कोणत्या तारखेचें? किती वाजतां? भिंग कोणतें आणि किती सेकंद उघडें होतें? दोन चित्रांविषयीं त्यास सांगतां आलें. बाकीच्यांत, मित्रांच्या चित्रांत मिसळल्यामुळें, कोणतें कोणाचें हेंही ठरेना. तो खिन्न झाला. मग चिंचणीची कोणती रात्र कोणती, हें ओळखण्यासाठीं धूमकेतूजवळचे तारे घेऊन आम्ही दोघे नकाशापुढें बसलों, आणि धूमकेतु रोज किती सरकला होता तें पाहून सातांपैकीं पांच चित्रांच्या तारखा लागल्या. उरलेल्या दोहोंत तारे पुरेसे नव्हते.

२ ऑगस्ट २०२७ रोजीं आमच्या किनाऱ्यावरून खंडग्रास ग्रहण दिसावयाचें आहे. दिवस पावसाळ्याचा आहे. २२ जुलै २००९ रोजीं सुरतेस खग्रास पाहण्यास जमलेल्या लोकांस ढगच पाहावे लागले होते. तरी त्यानें वही आतांच घेतली आहे.