दोरखंडावरची चकती

न्हावा-शेव्याच्या धक्क्याला लागलेल्या जहाजाकडे पाहिलं की आधी कंटेनरांची उतरंड आणि तिच्यावर वाकलेल्या क्रेन डोळ्यांत भरतात. जहाज बांधून ठेवणाऱ्या जाड दोरखंडांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्या प्रत्येक दोरावर, धक्का आणि जहाज यांच्या मधल्या पट्ट्यात, साधारण तीन फूट व्यासाची एक चकती अडकवायची असते. ती पत्र्याची असते किंवा प्लॅस्टिकची. खलाशी तिला रॅटगार्ड म्हणतात. दोरावरून चालत आलेला उंदीर तिथे अडतो आणि चकतीला वळसा घालता येत नाही म्हणून मागे फिरतो, नाहीतर पाण्यात पडतो. तिला वीज लागत नाही, की कसलं यंत्र. आजच्या अवाढव्य बंदरात इतकी गावठी वाटणारी वस्तू दुसरी नसेल.

तिच्या घराण्याची एक शाखा प्लेगच्या मुंबईत निघते आणि दुसरी थेट अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या गारठलेल्या, निर्मनुष्य बेटांवर पोचते. दोन्हींच्या मुळाशी एकच प्राणी आहे आणि तो आपल्याकडचा आहे.

घराच्या माळ्यावर खडबड करणारा काळा उंदीर हा मूळचा भारतीय द्वीपकल्पाचा रहिवासी. जगभरच्या उंदरांच्या आनुवंशिक अभ्यासातून जहाजांबरोबर पृथ्वीभर पसरलेल्या शाखेचा माग काढला, तेव्हा तो इथेच येऊन थांबला. इथून तो पश्चिम आशिया आणि इजिप्तमार्गे रोमन काळातच युरोपात पोचला. शूर्पारक, कल्याण, चौल ही आपली बंदरं तेव्हा तांबड्या समुद्राकडच्या व्यापारात होतीच. धान्य जिथे गेलं तिथे तो गेला. पुढे पंधराव्या शतकापासून युरोपची जहाजं महासागर ओलांडू लागली आणि हा फुकट प्रवासी अमेरिकेपासून पॅसिफिकपर्यंत उतरत गेला. तो मुळात झाडावर चढणारा जीव. किनाऱ्यावर माडाच्या शेंड्यात घर करून शहाळी पोखरणाऱ्याला जहाजाचा दोर म्हणजे आडवा पडलेला माड. गटारात राहणारा, अंगाने थोराड असा तपकिरी उंदीर मूळचा चीन-मंगोलियाकडचा. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात दिसू लागला आणि मग त्यानेही जहाजं धरली. आमच्या वस्तीतली घूस मात्र परदेशी फारशी गेली नाही. अंगापिंडाने तीच सर्वांत दांडगी, पण पराक्रमाचा आणि आकाराचा संबंध नसतो.

जहाजावरचा उंदीर ही शतकानुशतकं खलाशांची डोकेदुखी होती, जगाची नव्हती. ती जगाची झाली मुंबईमुळे. 23 सप्टेंबर 1896 रोजी मांडवी भागातल्या रुग्णांत डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा मुलूख, गोदीला लागून. पुढचं मराठी वाचकाला ठाऊक आहे: ओस पडलेल्या चाळी, घरझडत्या, सावित्रीबाई, रँड. देशाबाहेर काय झालं ते मात्र आपण क्वचित वाचतो. मुंबईच्या जहाजांतून रोग आपल्या दारात येईल या धास्तीने 1897 मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. आपलं शहर सगळ्या जगाच्या भीतीचं कारण झालं होतं.

गंमत अशी की तेव्हा खरा वाहक कोण हेच ठरलं नव्हतं. कपडे, धान्य, हवा, जमीन, सगळ्यांवर संशय होता. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत उंदराच्या अंगावरची पिसू पकडली. त्याचं म्हणणं मानायला लोकांनी वेळ घेतला. पुरावा पक्का झाला तो मुंबईत. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात प्लेगची प्रयोगशाळा थाटली होती, हाफकिनांची. तिथल्या ग्लेन लिस्टन यांनी प्लेग झालेल्या घरांत गिनी पिग सोडले आणि त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा तपासल्या. मग प्लेग कमिशनने शहरभर उंदीर पकडून रोजच्या रोज चिरायचा कारखानाच काढला. त्यातून क्रम दिसला: आधी गटारातले तपकिरी उंदीर मरतात, काही दिवसांनी घरातले काळे, आणि त्यानंतर माणसं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकानेही 1918 साली भारत, ब्रह्मदेश आणि श्रीलंकेतल्या घरउंदरांवर सविस्तर अहवाल छापला. वाघ-बिबट्यांच्या शिकारकथांनी गाजलेल्या त्या पानांवर उंदराला मिळालेला हा मान मला आवडतो.

उंदीर दोषी ठरल्यावर जहाजं आलीच. गंधक जाळून त्याचा धूर जहाजाच्या पोटात कोंडणारी क्लेटन यंत्रं आली, नंतर सायनाइडचा वायू आला. 1926 च्या आंतरराष्ट्रीय करारात दर सहा महिन्यांनी जहाज उंदीरमुक्त असल्याचा दाखला सक्तीचा झाला. दोरांवरच्या चकत्या याच शिस्तीच्या: जहाज धुरी देऊन साफ करायचं आणि मग दोरावरून नवे उंदीर चढू द्यायचे नाहीत, जुने उतरू द्यायचे नाहीत. तो दाखला अजून चालू आहे. 2007 पासून त्याचं नाव बदलून जहाज स्वच्छतेचा दाखला झालं, मुदत सहाच महिने. शेव्यालाही बंदर आरोग्य खात्याचं कार्यालय आहे. 26 मे 1989 रोजी सुरू झालेल्या या बंदराने मुंबईची ती प्लेगची साथ पाहिली नाही, पण प्लेगने लिहून घेतलेला नियम पाळला.

या सगळ्या खटाटोपात पक्ष्याचा विचार कुणीही केला नव्हता. इथून दुसरी शाखा सुरू होते.

जुलै 1810. सिडनीहून सीलच्या कातड्यांच्या शोधात निघालेल्या 'पर्सिव्हरन्स' या जहाजाला दक्षिणेच्या खवळलेल्या समुद्रात एक बेट सापडलं. तेच मॅक्वारी. जहाजाचा मालक रॉबर्ट कॅम्पबेल हा सिडनीला जाण्याआधी कलकत्त्यात भावाच्या पेढीत होता आणि त्याच्या सिडनीतल्या धंद्याचं भांडवल तिथलंच. म्हणजे आपल्याकडच्या व्यापाराचा धागा तिथवर आधीच पोचला होता. बेट केवढं? चौतीस किलोमीटर लांब, पाच किलोमीटर रुंद. बहुतेक दिवस पाऊस किंवा बर्फाचा शिडकावा, पारा तीन ते सात अंशांच्या मध्ये. झाड एकही नाही, नुसत्या उंच गवताच्या पेंढ्या. झाड नाही म्हणून समुद्रपक्षी जमिनीतच बिळं करून राहतात. पेट्रेलच्या कुळातले हे पक्षी वर्षाला एकच अंडं घालतात. लाखो वर्षं जमिनीवरून येणारा शत्रूच नव्हता, तेव्हा घाई कशाला. पिल्लाला भीती म्हणजे काय ते माहीत नसतं. पक्ष्यांच्या विष्ठेतून समुद्राचं खत गवताला मिळतं आणि गवताने जमीन धरून ठेवलेली असते. पक्षी गेले की गवत खुरटतं आणि माती सुटते.

तिथे सीलवाल्यांनी मांजरं आणली, 1870 च्या दशकात खाण्यासाठी ससे सोडले, आणि जहाजांतून न बोलावता काळा उंदीर उतरला. माळ्यावरचाच, आपला. कोकणच्या उकाड्यात घडलेला हा जीव त्या गारठ्यात गवताच्या पेंढ्यांत ऊब शोधून टिकला. अंडी आणि पिल्लं त्याला आयती मिळाली. बेटावरचा एकमेव पोपट एकोणिसाव्या शतकातच नामशेष झाला, त्यात मोठा वाटा मांजरांचा. सन 2000 पर्यंत सगळी मांजरं मारून संपवली, पुढे ससे बेसुमार वाढले, उतारांवरचं गवत गेलं, आणि 2006 मध्ये दरड कोसळून पेंग्विन गाडले गेले. शेवटी ऑस्ट्रेलियाने उंदीर, ससे आणि घरउंदरांचं धाकटं भावंड म्हणजे चिमुकले माउस, या तिघांवर एकदमच मोहीम काढली. 2010 मध्ये हवामानाने हाकलून लावलं, 2011 मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष पेरून झालं, उरलेले ससे कुत्र्यांनी हुडकले. 2014 मध्ये बेट मुक्त झाल्याचं जाहीर झालं. या विषाने दोन हजारांहून अधिक पक्षीही मेले, कारण मेलेला उंदीर किंवा ससा खाणारे पक्षी तिथे होते. संवर्धनाच्या कौतुकपर लेखांत हा आकडा बारीक टायपात असतो. तो तसा नसावा.

ते विष ब्रोडिफॅकम. त्याचा पूर्वज वॉरफरिन कुजलेल्या चाऱ्याने गुरं रक्तस्रावाने का मरतात या शोधातून निघाला आणि 1948 मध्ये बाजारात आला. उंदीर त्याला निर्ढावले म्हणून 1970 च्या दशकात ही जालीम पिढी बनवली. रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचा शरीरातला फेरवापर ती थांबवते. उंदीर चार-सहा दिवसांनी मरतो, त्यामुळे खाणं आणि मरणं यांचा संबंध बाकीच्यांच्या लक्षात येत नाही. नवी मुंबईच्या सोसायट्यांत पेस्ट कंट्रोलवाला मीटररूमच्या कोपऱ्यात जो रंगीत ठोकळा ठेवून जातो, त्यातलं ब्रोमाडायोलोन याच कुळातलं. पलीकडे मुंबई महापालिका अजूनही रात्रपाळीला काठी आणि बॅटरी देऊन माणसं पाठवते. शहराच्या आणि बेटाच्या मोहिमेत फरक एवढाच की शहरात उंदीर कमी करायचे असतात आणि बेटावर शेवटचा मारायचा असतो. एक गाभण मादी उरली तरी खर्च पाण्यात.

दक्षिण जॉर्जियात हे जमलं. 2011, 2013 आणि 2015 अशा तीन हंगामांत तीनशे टनांहून अधिक आमिष पडलं आणि मे 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. तिथला पिपिट हा जगातला सर्वांत दक्षिणेकडचा गाणारा पक्षी, तो मुख्य बेटावर परत घरटी करू लागला. गॉफ बेटावर मात्र 2021 मध्ये हीच युक्ती फसली. मोहिमेनंतर काही महिन्यांतच कॅमेऱ्यात माउस दिसला. हे चिमुकले जीव रात्री ट्रिस्टन अल्बाट्रॉसच्या पिल्लाला जिवंत कुरतडतात आणि पिल्लू जागचं हलत नाही. मॅरियन बेटाची कथा तर प्रहसन आहे. दक्षिण आफ्रिकेच्या हवामान केंद्रात माउस फार झाले म्हणून 1948-49 च्या सुमारास पाच मांजरं आणली. 1970 च्या दशकात त्यांची दोन-तीन हजार झाली होती आणि ती वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास समुद्रपक्षी खात होती. त्यांना संपवायला 1991 उजाडलं. माउस अजून आहेत.

यात आपलं काय, असं विचारणाऱ्याला उत्तर मान्सून देतो. विल्सनचं स्टॉर्म पेट्रेल हे चिमणीहून थोडं मोठं, चाळीस ग्रॅमच्या आसपासचं काळं पाखरू दक्षिण जॉर्जिया, केर्गेलेन यांसारख्या बेटांवर खडकांच्या फटींत पिल्लं वाढवतं. त्यांचा हिवाळा आला की ते विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रात येतं आणि नैर्ऋत्य वारे सुटतात तेव्हा कोकण किनाऱ्यापासून आत, लाटांवर पाय टेकवत प्लवक टिपतं. नवी मुंबईत पक्षी म्हटलं की खाडीतले फ्लेमिंगो आठवतात आणि त्यांच्यासाठी पाणथळी राखायची लढाई रास्तच आहे. पण बंदराच्या तोंडापासून काही तासांच्या समुद्रात येणाऱ्या या पाहुण्याचं माहेर जहाजांवरच्या उंदरांनी कुरतडलं, हे आपल्या हिशेबात नसतं.

कायदा आता काही अंशी तिथवर पोचलाय. 1981 च्या डिसेंबरात गोव्याहून पहिली भारतीय मोहीम अंटार्क्टिकाला निघाली. 2022 च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने परका प्राणी, वनस्पती, सूक्ष्मजीव तिकडे नेण्याला बंधन घातलं. दक्षिण जॉर्जियाला जाणाऱ्या जहाजांची फॉकलंडमध्ये शिकवलेले कुत्रे हुंगून झडती घेतात, प्रवाशांच्या बुटांतलं बी-बियाणं ब्रशने काढतात. पण सहा महिन्यांच्या त्या जुन्या दाखल्याची नजर माणसाच्या आरोग्यावर आहे, बेटावरच्या पक्ष्यावर नाही. शिवाय चकती दोरावर असते आणि आजचा उंदीर दोरावरून येईलच असं नाही. तो धान्याच्या पोत्यांबरोबर वखारीतच कंटेनरमध्ये बसतो, मग त्याला क्रेनच उचलून चढवते. न्हावा-शेव्याहून कुठलंही जहाज मॅरियनला जात नाही. दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांना मात्र माल जातो, आणि मॅरियनची रसद केपटाउनहून निघते.