शनिवार तेल्यांचे माहेर

महिला मंडळाची सहल म्हटली की तिचा मार्ग बहुधा आधीच ठरलेला असतो. अष्टविनायक झाले असले तर देहू-आळंदी, तेही झाले असले तर कोल्हापूर-जोतिबा. मोहन्याच्या भगिनींना तर टिटवाळ्याचा महागणपती आंबिवलीहून एका स्टेशनावर. तेव्हा त्याला सहल म्हणण्याचीही सोय नाही. या ठरीव वाटा वाईट आहेत असे नाही. पण यंदा दिवाळीचा फराळ आटोपल्यावर, थंडीच्या दिवसांत, एक निराळी वाट धरून पाहावी असे सुचवावेसे वाटते. ती ठाण्यापासून निघते आणि अलिबागच्या समुद्रकाठी पोहोचते. तिच्यावर भेटणारी माणसे मराठी बोलतात, त्यांच्या आज्या नऊवारी नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालीत आणि लग्नाआधी मेंदी काढीत. धर्माने मात्र ही माणसे यहुदी आहेत. ती स्वतःला बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे, म्हणवितात. कोकणातील शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. व्यवसाय तेलाचा घाणा चालविण्याचा. पण शनिवार उजाडला की बैल मोकळे आणि घाणा बंद.

ही मंडळी कोकणात आली कशी? त्यांची परंपरागत कथा अशी की, फार प्राचीन काळी अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत किनाऱ्याला लागली. लाटांनी आणून टाकलेली प्रेते गावकऱ्यांच्या साहाय्याने पुरली गेली. पुरुषांची एका ठिकाणी, स्त्रियांची दुसऱ्या ठिकाणी. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी ही घटना इसवी सनापूर्वी सुमारे १७५ वर्षांची मानली. इतर अभ्यासकांचे काळाविषयी एकमत नाही. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिकी संशोधनात या समाजाच्या रक्तात भारतीय अंशाबरोबर मध्यपूर्वेतील यहुदी वंशाचाही अंश आढळला. आजीची गोष्ट अगदीच हवेतील नव्हती म्हणायची!

वाचलेल्या माणसांजवळ ना ग्रंथ उरले, ना पुरोहित. कालांतराने हिब्रू भाषाही विसरली गेली. आठवणीत राहिली ती ‘शेमा’ नावाची एक प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारचा विसावा आणि खाण्यापिण्याचे काही निर्बंध. यातील शेवटच्या दोन गोष्टी कोणी सांभाळल्या हे वाचकभगिनींना सांगावयास नको. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी स्वयंपाक उरकून चूल विझवावयाची, दिव्यात तेल घालावयाचे, मनुका भिजवून त्यांचे सरबत करावयाचे, हे सारे बायकांचे काम. मांस आणि दूध एकत्र शिजवावयाचे नाही हा त्यांचा नियम. उत्तरेत तो पाळणे कठीण गेले असते. कोकणाने नारळ दिला. कालवणाला नारळाचे दूध लागले की गाईम्हशीच्या दुधाची आठवणही होत नाही.

या संदर्भात डेव्हिड राहबी याची आख्यायिका मोठी अर्थपूर्ण आहे. हा बाहेरून आलेला यहुदी विद्वान. कोणी त्याला हजार वर्षांपूर्वीचा मानतात, कोणी अठराव्या शतकातील, कोचीनच्या राहबी घराण्यातील. कोकणात शनिवार पाळणारी माणसे आहेत असे त्याच्या कानी आले. ही खरोखरच आपली माणसे असतील काय? त्याने पुरुषांना श्लोक म्हणावयास सांगितले नाहीत. त्याने निरनिराळी मासळी आणून बायकांपुढे ठेवली आणि रांधावयास सांगितले. बायकांनी ज्या माशांना खवले व पर आहेत तेवढे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. ‘हे आम्ही खात नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या. यहुदी धर्मशास्त्राचा नियम नेमका हाच आहे. त्या नियमाने पापलेट आणि रावस चालतात. मोरी, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी चालत नाहीत. शास्त्राचे पान हरवले होते, पण विळीपुढे बसलेल्या बाईच्या हाताला ते पाठ होते. राहबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मविधी शिकविले आणि त्यांच्यापासून या समाजाचे काजी झाले, असे परंपरा सांगते.

आता सहलीचा बेत. पहिली गोष्ट, निघावयाचे ते रविवारी. शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत त्यांचा शब्बाथ असतो. त्या वेळी पाहुण्यांची वर्दळ आणि छायाचित्रे योग्य नव्हेत. प्रार्थनामंदिरांच्या विश्वस्तांना आधी कळवून परवानगी घ्यावी, ओळखपत्रे बरोबर असावीत, आणि आत जाताना डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यावी. आपल्या देवळात परक्याने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे आपण तेथे वागावे. एवढे ध्यानात ठेवले की पुष्कळ झाले.

सकाळच्या लोकलने आंबिवलीहून ठाण्याला उतरावे. टेंभी नाक्याच्या परिसरात, सिव्हिल हॉस्पिटलजवळ, ‘शआर हाशामायिम’ म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’ हे १८७९ सालचे प्रार्थनामंदिर आहे. रेल्वे, टपाल, सरकारी कचेऱ्या आणि लष्कर यांत नोकऱ्या मिळू लागल्या तशी घाणा सोडून आलेली कुटुंबे मुंबई-ठाण्याकडे वळली. आज मुंबईबाहेर या समाजाची मोठी वस्ती आहे ती ठाण्यातच. मूर्ती शोधू नये. ती सापडणार नाही. भिंतीतील कपाटात धर्मग्रंथाच्या हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या असतात, मध्ये वाचनाचा चौथरा असतो आणि तेलाचा नंदादीप असतो. नंदादीप पाहिला की आपल्या बायकांना एकदम ओळखीचे वाटेल.

ठाण्याहून बसने पनवेल, पेण, अलिबाग. पनवेलचे ‘बेथ एल’ १८४९चे, पेणचे ‘बेथ हाएलोहिम’ १८६३चे. वाटेत मुलींना एक खेळ लावून द्यावा. पाटीवर गावाचे नाव दिसले की त्यावरून आडनाव करावयाचे. पेणवरून पेणकर, केहीमवरून केहीमकर, नवगाववरून नवगावकर, दिव्यावरून दिवेकर, चौलवरून चेऊलकर. ‘बूट पॉलिश’मधील जॉनचाचा, म्हणजे नट डेव्हिड, हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर होत. नाव बायबलमधले आणि आडनाव कुलाब्याचे. या समाजाचा सारा इतिहास त्या दोन शब्दांत आहे.

रात्रीचा मुक्काम अलिबागला. तेथील इस्रायल आळीत ‘मागेन आबोथ’ हे मंदिर आहे. ते १८४८चे आणि १९१० साली नव्याने बांधलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवगावला जावे. तेथील जुन्या दफनभूमीत आज स्मारकस्तंभ उभा आहे. नंतर खंडाळ्याच्या बाजूला ‘एलियाहू हानाबीची टापी’ पाहावी. एका कातळावर चाकोऱ्यांसारख्या खुणा आहेत. पैगंबर एलियाहू अग्निरथातून स्वर्गाला जाताना त्याच्या रथाची चाके येथे टेकली, अशी श्रद्धा. नवस फेडावयास अजूनही माणसे येतात आणि मलिदा करतात. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, मनुका आणि भोवती फळे. लक्ष्मीपूजनाला पोहे-बत्तासे ठेवणाऱ्या आपल्याला यात परके काय वाटणार? पुढे सतरा किलोमीटरवर रेवदंडा. तेथील ‘बेथ एल’ १८४२चे. ते पाहून परतीच्या वाटेला लागावे.

या प्रवासात सणांची नावे विचारावयास विसरू नये. यहुद्यांचे नवे वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास सुरू होते. त्याला कोकणात ‘नव्याचा सण’ म्हणत. मागोमाग ‘खिरीचा सण’. मग प्रायश्चित्ताचा कडक उपवास, घराची दारे लावून पाळावयाचा. त्याचे नाव ‘दारफाळणी’. दुसऱ्या दिवशी दारे उघडून दानधर्म आणि भेटीगाठी, तो ‘शिळा सण’. हिब्रू नावे विस्मरणात गेली तेव्हा घरातील बायकामाणसांनी डोळ्यांपुढे दिसत होते त्यावरून नावे ठेवली, आणि नावे टिकली म्हणून सणही टिकले. पुण्यास १८७४ साली वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचे ‘हगादा’ हे पुस्तक हिब्रू व मराठीत छापले गेले. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगडी नेसून बसल्या आहेत.

मुंबईसाठी निराळा एक दिवस ठेवावा. मशीद बंदर स्टेशनावर उतरून सॅम्युएल स्ट्रीटवर गेले की १७९६ सालचे ‘शआर हारहामिम’, ‘दयेचे द्वार’, लागते. बेने इस्रायल लोक प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत. स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. हे मंदिर बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या पलटणीत अधिकारी होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. बेने इस्रायल हे नाव कानी पडताच टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला, अशी कथा आहे. सुटकेनंतर त्यांनी नवस फेडला तो असा.

याच शहरात केहीमकरांनी सहकाऱ्यांसह १८७५ साली समाजासाठी शाळा काढली. ती पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १९२२ पासून १९५० पर्यंत तिच्या मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन. आणि डॉ. जेरुशा झिराड! राहबीच्या आख्यायिकेतील पहिले नाव आठवावे. त्याच झिराड गावाचे आडनाव लावणारी ही मुलगी पुण्याच्या हुजूरपागेत शिकली, १९१९ साली लंडनची एम. डी. झाली, मुंबईच्या कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली आणि १९६६ साली ‘पद्मश्री’ने गौरविली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत बेने इस्रायल स्त्री मंडळ उभे करणाऱ्यांत त्या होत्या. म्हणजे आपण एका महिला मंडळाने दुसऱ्या महिला मंडळाच्या वाटेने जात आहोत.

एवढे सगळे सुखाचे असताना ही माणसे गेली कुठे, असा प्रश्न बसमधील एखादी मुलगी विचारीलच. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. आज ती काही हजारांवर आली आहे. १९४८ साली इस्रायल राष्ट्र जन्माला आले आणि हजारो कुटुंबे तिकडे गेली. येथे कोणी त्यांचा छळ केला म्हणून नव्हे. पूर्वजांच्या भूमीची ओढ आणि चांगल्या दिवसांची आशा यांनी ती गेली. पण तेथे आणखी एक परीक्षा त्यांची वाट पाहत होती. १९६०च्या सुमारास तेथील धर्माधिकाऱ्यांनी यांच्या यहुदीपणाविषयी शंका काढली आणि विवाहापूर्वी मातृकुळाची चौकशी करण्याचे फर्मान निघाले. आई कोण, आजी कोण, पणजी कोण, पुरावा काय? ज्या बायकांनी निव्वळ स्मरणावर धर्म टिकविला होता, त्यांच्याच नावांवर बोट ठेवले गेले. बेने इस्रायल मंडळींनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. त्यात लेकुरवाळ्या बायकाही होत्या. अखेर १९६४च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने हा समाज सर्व अर्थांनी यहुदी असल्याचे जाहीर केले. राहबीला टोपलीभर मासळीत जे दिसले, ते समजावयास तेथे काही वर्षे लागली. पुढे त्याच देशात ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. दोन हजार वर्षे शनिवार न विसरणारी माणसे मराठी कशी विसरतील?

इकडे महाराष्ट्र शासनाने २०१६ साली या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. परंतु कोकणातील मंदिरांत आज प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमविणेही अनेकदा कठीण जाते. कुठे एखाददुसरे घर दिवाबत्ती सांभाळते. याचा अर्थ मोहन्याच्या बायकांना कोणी समजावून सांगावा लागणार नाही. २००९ साली एन. आर. सी. कारखाना बंद पडल्यावर वसाहतीतील खोल्यांना एकामागून एक कुलपे लागताना त्यांनी पाहिली आहेत. शेजारी गेले की त्यांच्या हातची चव जाते, त्यांचे शब्द जातात, आणि एका पिढीनंतर येथे कोण राहत होते हेही सांगता येत नाही. फरक एवढाच की आपला शेजार साठसत्तर वर्षांचा होता आणि हा शतकांचा.

म्हणून सहलीच्या सामानात पाण्याच्या बाटल्या आणि चकल्यांचे डबे यांच्याबरोबर एक वही असू द्यावी. देवळाचे साल कुठेही छापलेले मिळते. ते उतरवून घेण्याची घाई नको. घरात वडील बाई भेटली तर तिच्याजवळ बसावे. मलिद्यात गूळ घालता की साखर, दारफाळणीला लहानपणी काय करीत होता, हे विचारावे. शेवटी आईचे माहेर कोणत्या गावचे, आजीचे कोणत्या, तेही विचारून लिहून घ्यावे. मातृकुळाची चौकशी त्या घरांनी एकदा सोसली आहे. या वेळी ती जिव्हाळ्याने होऊ द्यावी, आणि निघताना आपल्या फराळाचा एक डबा तेथे ठेवून यावा.